आधी पालथा करून बघा: जुने फौजी बॅज ओळखायला शिकताना

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपमध्ये माझी एकतीस वर्षं गेली. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा नमुना. त्याच्यावरून वाळूत साचा पाडायचा, मग फाउंड्रीवाला त्यात धातू ओततो. त्यामुळं धातूची कुठलीही वस्तू हातात आली की डोक्यात पहिला प्रश्न येतो, ही बनवली कशी? जुने फौजी बॅज गोळा करायचा नाद लागला, तेव्हा कळलं की या नादात हाच प्रश्न सगळ्यात कामाचा आहे. नवा माणूस नेमका तो सोडून बाकीचे विचारतो. कुणाचा? कुठल्या लढाईतला? याची उत्तरं विकणाऱ्याच्या जिभेवर तयारच असतात.

आमच्या घरी आजोबांची काळी पत्र्याची ट्रंक होती. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. त्याबद्दल बोलायचे कमी, पण ट्रंकेला कुणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही. ते गेल्यावर ट्रंक उघडली, तर आत लोकरीचा कोट, हवालदाराच्या फितींचा जोड, खांद्यावरची पितळी अक्षरं आणि बिगुलाचा एक बॅज निघाला. तो बॅज म्हणजे माझा मास्टर. आजही नवीन काही घेतलं की आधी त्याच्या शेजारी ठेवून बघतो.

कोल्हापूर जिल्ह्यात अशी ट्रंक ही काही नवलाची गोष्ट नाही. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी हे गावाचं नावच आहे. बेळगावचं मराठा सेंटर इथून साधारण एकशे दहा किलोमीटरवर. टेंबलाई टेकडीच्या बाजूला प्रादेशिक सेनेची 109 मराठा बटालियन. म्हणजे खरा माल इथं घराघरांत आहे. आणि खऱ्याला मोल आलं की खोटा माल बाजारात यायला वेळ लागत नाही.

पहिले दोन-तीन महिने नुसतं बघा

या काळात काहीही विकत घेऊ नका. असं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि पुढच्याच रविवारी दोन हजार घालवून येतात. मीही तेच केलं होतं, ते पुढं सांगतो.

खात्रीचे बॅज जितके हाताळता येतील तितके हाताळा. खात्रीचे म्हणजे ज्याच्या छातीवर किंवा टोपीवर होते त्याच्याच घरात राहिलेले, मधे दुकानदार न आलेले. पै-पाहुण्यांत कुणी ना कुणी फौजेत होतंच. "आज्जी, आजोबांचा बिल्ला बघू का?" एवढं विचारलं की आधी चहा येतो आणि मग ट्रंक येते. विकत मागू नका. तिथं विकत मागणारा माणूस पुन्हा घरात घेतला जात नाही, आणि ते बरोबरच आहे. माप घ्या, वजन करा, पुढून-मागून फोटो काढा आणि होता तिथं ठेवून द्या.

त्या घराच्या भिंतीवरचा फोटोही सोडू नका. रजेवर आलेला जवान स्टुडिओत जाऊन फोटो काढून घ्यायचा, पूर्ण गणवेशात. कॉलरवरची जोडी कुठल्या दिशेला तोंड करून बसते, खांद्यावरची अक्षरं किती उंच आहेत, फिती कोपरापासून किती वर शिवल्यात, हे त्या फोटोत दिसतं. पुढं कुणी तुम्हाला एकाच तोंडाचे दोन कॉलर बॅज 'जोडी' म्हणून दाखवले तर हा फोटो आठवेल. डाव्या-उजव्या बाजूच्या नक्षीचं तोंड सहसा समोरासमोर असतं.

बेळगावला रेजिमेंटल सेंटरचं संग्रहालय आहे. लष्करी आवार आहे, तेव्हा आधी चौकशी करून ओळखपत्र घेऊन जा. काचेआडच्या बॅजची मागची बाजू दिसत नाही, पण पुढच्या बाजूचं वळण डोळ्यांत बसतं.

हत्यारं थोडीच लागतात. गुजरीतले सोनार वापरतात तसा दहा पटीचा लूप म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, बारीक माप घ्यायचा डिजिटल व्हर्निअर, लोहचुंबक, दशांश ग्रॅम दाखवणारा काटा आणि नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची टॉर्च. एका खोट्या बॅजच्या पैशात हे सगळं येतं.

मुकुट, आकडा, स्पेलिंग

आता माझी फजिती. रविवारच्या बाजारात, जुने कुलूप-किल्ल्या आणि तांब्याचे बंब विकणाऱ्या एकाकडं बिगुल आणि मुकुट असलेला मराठा पलटणीचा बॅज दिसला.

"मालक, राणीच्या काळातला हाय. यशवंत घाडग्यांच्या पलटणीचा. इटलीत गाजलेला."

"किती?"

"तुमाला म्हणून बाराशे. मुंबईचा मानूस पाच हजार देऊन जाईल."

मी बाराशे मोजले. घरी येऊन आजोबांच्या बॅजशेजारी ठेवला आणि दोन मिनिटांत घाम फुटला. यशवंत घाडग्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो 10 जुलै 1944 च्या लढाईसाठी. तेव्हा गादीवर राजा होता, सहावा जॉर्ज. राणी आली 1952 मध्ये. विकणाऱ्यानं एका दमात दोन्ही सांगितलं होतं आणि माझ्या कानाला ते खटकलं नव्हतं.

खटकायला हवं होतं ते डोळ्याला. 1901 ते 1952 या काळातल्या बॅजवर येतो तो राजाचा मुकुट, ज्याला ट्यूडर म्हणतात. त्याच्या कमानी खालून निघून गोलाईनं वर जातात, पालथ्या घातलेल्या खोबऱ्याच्या वाटीसारख्या. 1952 नंतरचा राणीचा मुकुट, सेंट एडवर्डचा, मधोमध दबलेला असतो, वर तोंड बांधलेल्या पोत्यासारखा. आणि आपल्या फौजेनं तर 26 जानेवारी 1950 पासून मुकुटच उतरवला, त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. तेव्हा भारतीय पलटणीचं नाव आणि वर दबलेला मुकुट, अशी वस्तू वापरात असण्याची शक्यताच नाही. हातात येईल ती नंतर कुणीतरी केलेली. माझ्या बाराशेच्या बॅजवर मुकुट दबलेला होता.

इथं एक फाटा आहे. 1901 च्या आधीच्या, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानीही बऱ्याचदा चपट्या आणि मधे दबलेल्या असतात. विकणारा म्हणेल, "मग हा जुन्या राणीचा." तेव्हा आकडा बघायचा. 1903 साली हिंदी फौजेचा सरसेनापती किचनर यानं सगळ्या पलटणींचे नंबर नव्यानं लावले आणि मुंबई फौजेच्या पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले. तिसरीची 103 झाली, पाचवीची 105, दहावीची 110, सतरावीची 117. व्हिक्टोरिया राणी वारली जानेवारी 1901 मध्ये. म्हणजे 103 किंवा 117 हा आकडा आणि व्हिक्टोरियाचा मुकुट एका बॅजवर बसूच शकत नाहीत. पुढं 1922 मध्ये 103, 105, 110, 116, 117 आणि 114 या पलटणी एकत्र करून 'पाचवी मराठा लाइट इन्फंट्री' झाली. नाव तेच, आकडा पुन्हा बदलला. मुकुटाच्या बॅजवर शंभरीतला आकडा दिसला की 1903 ते 1922 ही एकोणीस वर्षं, असं पाठ करून ठेवा. दुसऱ्या महायुद्धाच्या गोष्टीसोबत 110 चा आकडा विकायला आला की नुसतं हसून पुढं जायचं.

स्पेलिंग हीसुद्धा तारीखच आहे. इंग्रजांच्या काळात मराठा हा शब्द मधे 'एच' आणि पुढं दोन 'टी' घालून लिहायचे. आज आपण लिहितो ते सुटसुटीत स्पेलिंग स्वातंत्र्यानंतरचं. मुकुट आणि सुटसुटीत स्पेलिंग एकत्र दिसलं तर बॅज खाली ठेवा.

खांद्यावरच्या हुद्द्याच्या खुणांनाही हेच लागू. 1950 च्या आधी मेजरच्या खांद्यावर मुकुट, नंतर सिंह. चांदण्याही बदलल्या. इंग्रजी अमलातली चांदणी चौकोनी ढंगाची, 'ऑर्डर ऑफ द बाथ' या इंग्रजी किताबाच्या चिन्हावरून घेतलेली, मधे बारीक मुकुट आणि लॅटिन अक्षरं असलेली. आपली नंतरची पाच टोकांची. नव्या लोकांचा गोंधळ होतो तो जमादारावरून. जमादार हे नाव 1965 पर्यंत होतं, मग नायब सुभेदार झालं. त्यामुळं 'नायब सुभेदाराचा, पहिल्या महायुद्धातला' अशी चिठ्ठी कुणी बांधलेली असली तर चिठ्ठी लिहिणाऱ्याला फौज माहीत नाही एवढं नक्की.

आणखी एक सावधानता. 2022 मध्ये गादीवर आलेल्या चार्ल्सनं पुन्हा ट्यूडर मुकुट घेतला. त्यामुळं ब्रिटिश पलटणींचे आजचे कोरे करकरीत बॅजही राजाच्या मुकुटाचे असतात. नुसता मुकुट गोल दिसला म्हणून जुना, असं आता म्हणता येत नाही.

आता पालथा करा

पुढची बाजू कुणीही सजवतं. कारागिरी मागं दिसते. माझा अर्धा वेळ बॅजच्या मागच्या बाजूवर जातो.

पितळेचा बॅज मुख्यतः दोन तऱ्हांनी बनतो. पहिली, ठशात ठोकून. हुपरीत चांदीवर नक्षी उठवायला ठसे वापरतात, तत्त्व तेच. पातळ पत्रा दोन ठशांमधे दाबला की पुढं नक्षी उठते आणि मागं तीच नक्षी खोलगट, उलटी दिसते. करंजीच्या साच्यासारखं. मागं बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, कड एकसारखी कापलेली असते आणि अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागा धारदार असतात. दुसरी तऱ्हा ओतीव. यात मागची बाजू सपाट किंवा किंचित खरबरीत असते, वजन जास्त भरतं, लूपखाली सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात. ती धातू थिजताना अडकलेल्या हवेची. अक्षरांचे कोपरे मेणासारखे मऊ पडलेले असतात.

खोटा बॅज करणारा बहुधा खऱ्या बॅजवरूनच साचा घेतो. तिथं तो माझ्या धंद्यातल्या एका गोष्टीत अडकतो. वितळलेलं पितळ थंड होताना आकसतं, साधारण दीड टक्का. म्हणून आम्ही पॅटर्न करताना मापात तेवढी वाढ धरतो, त्यासाठी आमची पट्टीच वेगळी असते. बॅजची नक्कल करणारा खऱ्या बॅजलाच पॅटर्न म्हणून वापरतो, मग वाढ कुठून धरणार? मूळ बॅज 40 मिलिमीटर उंच असेल तर नक्कल साडेएकोणचाळीसच्याही आत येते, 39.4 च्या आसपास. डोळ्याला कळत नाही, व्हर्निअरला कळतं. नकलेची नक्कल केली तर आणखी अर्धा मिलिमीटर जातो. म्हणूनच त्या तीन महिन्यांत खात्रीच्या बॅजची मापं वहीत लिहून घ्यायला सांगितलं. एकाच ठशातून निघालेल्या बॅजच्या मापात दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक पडतो, अर्ध्या मिलिमीटरचा पडत नाही. माप घेताना झिजलेलं टोक धरू नका. दोन अक्षरांच्या मधलं किंवा बिगुलाच्या आतल्या दोन कडांमधलं अंतर घ्या, तिथं झीज पोचत नाही.

पण ओतीव म्हणजे खोटा, असा नियम करून बसू नका. मीही सुरुवातीला तो केला आणि एक चांगला बॅज हातचा घालवला. हिंदुस्थानी पलटणींचे कितीतरी बॅज लंडन-बर्मिंगहॅमहून आलेच नाहीत. छावणीच्या बाजारातल्या तांबटानं, कासारानं ते वाळूत ओतून, कानस मारून दिले. असे बॅज ओतीव असले तरी अस्सल. त्यांच्या मागं कानशीचे ओरखडे असतात, ते आडवेतिडवे, हाताचे. आजच्या नकलेवर फिरत्या चाकाच्या एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. गडबड कुठं होते? विकणारा 'लंडनचा छाप आहे' म्हणतो आणि बॅज मात्र ओतीव निघतो तेव्हा. कारखान्याचं नाव मागं असेल तर ते ठशानं धारदार दाबलेलं हवं. ओतताना आपोआप आलेलं, बुळबुळीत नाव म्हणजे नावासकट नक्कल.

पुढचं बघा ते अडकवायची सोय. टोपीच्या बॅजच्या मागं उभी पितळी पट्टी असते, स्लायडर, नाहीतर तारेचे दोन कान असतात, ज्यात पिन घालायची. कान कसे बसवलेत ते लूपखाली बघा. जुन्या कामात झाळ भरून पसरलेली असते, तारेच्या बुडाशी छान वळलेली. आता केलेल्यात चकचकीत कथलाचा थेंब नुसता बसलेला दिसतो, कधी तर दोन नळ्यांतून येणारा चिकट गोंद. नख लावलं की गोंद ओळखू येतो. कान झाळून दुरुस्त केलेला अस्सल बॅजही असतोच, जवान तुटलेला कान फेकून देत नसे. म्हणून एकट्या कानावर निकाल देऊ नका. बॅज काळवंडलेला आणि कान पिवळेधमक, असं असेल तर मात्र विचारायचं, कधी लावले?

लोहचुंबक शेवटी. पितळ, ब्राँझ, जर्मन सिल्व्हर यांना तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा.

झीज खोटी करता येते, पण जागच्या जागी करता येत नाही

जवान रोज बॅज घासायचा. पितळ पॉलिश आणि फडकं. घासणारा हात उंचवट्यांवरून फिरतो, खळग्यांत जात नाही. त्यामुळं खऱ्या झिजलेल्या बॅजवर मुकुटाचे मणी सपाट होतात, बिगुलाच्या दोरीचे पीळ पुसट होतात आणि खळग्यांत पॉलिशचा पांढुरका-हिरवट थर घट्ट बसलेला असतो. टाचणीनं खरवडला तर पूड होऊन पडतो. मागच्या बाजूला घासायचं काही कारण नाही, म्हणून तिथं रंग गडद, तपकिरी. जिथं पट्टी टोपीत सरकायची तिथंच मागं चकाकी असते.

खोटं म्हातारपण आणणारा बॅज ढोलात फिरवतो, नाहीतर आम्लात बुडवतो. मग झीज सगळीकडं सारखीच येते, पुढं तशीच मागं, उंचावर तशीच खोलात. चिंच-मिठाच्या पाण्यात ठेवून हिरवटपणा आणायची युक्ती जुनी आहे. आपल्याकडं पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कळकतं, तोच प्रकार. असा कळंक ओल्या फडक्यानं बऱ्यापैकी निघून येतो. पन्नास वर्षांचा निघत नाही. बूटपॉलिश चोळून काळा केलेला असेल तर नाकाजवळ नेला तरी कळतं.

कापडी बॅज

कापडात मी तितका तयार नाही, पण पाच गोष्टी बघितल्याशिवाय घेत नाही.

महायुद्धातल्या डिव्हिजनच्या खुणा जवान दंडावर लावायचे. चौथ्या हिंदी डिव्हिजनचा लाल गरुड, सतराव्या डिव्हिजनचं काळं मांजर, आठव्या डिव्हिजनची तीन पानं. मराठा पलटणी वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये विखुरलेल्या होत्या. या खुणा कुठं छापील, कुठं कापडाचे तुकडे जोडून, कुठं हातानं भरलेल्या अशा सापडतात, कारण जिथं तळ पडला तिथल्या शिंप्याकडून करून घेतल्या जायच्या. म्हणून 'माझ्याकडच्यासारखा नाही' एवढ्यावर खोटा ठरवू नका.

टॉर्च मारा. जांभळ्या उजेडात दोरा पांढरा-निळा झळकला तर त्यात उजळवणारं रसायन आहे, आणि ते दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कापडात सर्रास आलं. पण आज्जीनं तो कोट गेल्या दिवाळीत वॉशिंग पावडरीत धुतला असेल तरी तो झळकतो. आधी विचारा, मग टॉर्च मारा.

सुटलेला एखादा दोरा असेल तर तोच चिमट्यात धरून जाळून बघा, बॅज नव्हे. सूत कागदासारखं जळून राख होतं, लोकर केस जळाल्यासारखी वास मारते, पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो. मणी झाला म्हणजे 1944 चा नाही. कडेला जाड गोफासारखी ओव्हरलॉकची किनार असेल किंवा मागं इस्त्रीनं चिकटवायचा प्लॅस्टिकचा थर असेल तर तेवढंही करायला नको.

जरीच्या बॅजला पैठणी ओळखणाऱ्या बायकांची नजर लागते. जुन्या जरीत चांदीची तार असते, वर सोन्याचं पाणी. ती काळानं काळवंडते, आणि काळवंडते ती वेड्यावाकड्या ठिकाणी, बोट लागायचं तिथं जास्त. प्लॅस्टिकची जर कधी काळी पडत नाही. मात्र जर खरी असली म्हणजे बॅज जुना असं नाही. वाराणसीत आजही हातानं जरीचे उत्तम बॅज भरतात. माझ्याकडं एक आहे. तो जुना म्हणून विकला गेला तेव्हाच तो खोटा झाला, तोवर ते चांगलं हस्तकाम होतं.

पाचवी गोष्ट शिलाईची भोकं. अंगावर वापरलेल्या बॅजच्या कडेला सुईची भोकं असतात आणि त्याखालचं कापड कमी विटलेलं असतं. कोटावर बॅज असेल तर बॅजच्या कडेतून आत डोकावा. खाली कोटाचा मूळ गडद रंग दिसायला हवा. खालीही तेवढाच विटका असेल तर बॅज परवा शिवलाय.

'राजाराम रायफल्स'

कोल्हापुरात हा शब्द ऐकला की भाव तिप्पट होतो. राजाराम रायफल्स ही करवीर संस्थानची पलटण. 1 मार्च 1949 ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि पलटण मराठा लाइट इन्फंट्रीत आली. माणसं मोजकी, वर्षं मोजकी, म्हणून खरे बॅज थोडेच.

इथं होणारी चूक वेगळी आहे. संस्थानचं चिन्ह असलेली वस्तू अस्सल असते, जुनीही असते, पण पलटणीची नसते. संस्थानकडं पोलिस होते, बँड होता, वाड्यावरचे पट्टेवाले होते, शिकारखान्याची माणसं होती. सगळ्यांना बटणं, बकल, बिल्ले. दुकानात हे सगळं एकाच डब्यातून 'रायफल्स' म्हणून बाहेर येतं. पलटणीचं नाव कोरलेलं असल्याशिवाय पलटणीचे पैसे देऊ नका. बटण सुंदर वाटलं तर बटणाच्या किमतीत बटण म्हणून घ्या, मी घेतलीत. न्यू पॅलेसचं संग्रहालय एकदा निवांत बघा, संस्थानच्या चिन्हाची घडण डोळ्यांत बसायला उपयोग होतो.

घेताना

भाव करायच्या आधी बॅज पालथा करा, माप घ्या, काट्यावर ठेवा. ज्याला हे चालत नाही त्याच्याकडून काही घेऊ नका. चांगला जुना दुकानदार उलट खुर्ची पुढं सरकवतो. कुठून आला ते विचारा आणि चिठ्ठीवर लिहून मागा, गाव आणि तारीख तरी. 'खोटा निघाला तर परत घेईन' एवढं त्याच चिठ्ठीवर लिहायला सांगा. तोंडानं सगळेच म्हणतात, लिहिताना पेन अडतं.

एखाद्या घरातून थेट मिळत असेल तर पूर्ण संच फोडू नका. कोट, बॅज, फिती, डिस्चार्जचं पुस्तक, फोटो हे एकत्र असलं की एकमेकांची साक्ष देतात. बॅज काढून कोट भंगारात दिला की दोन्ही मुके होतात. आणि नातवाला नंतर पस्तावा झाला तर परत देता येईल अशा बोलीवर घ्या. माझ्याकडून एक संच असाच परत गेला आहे, मलाच बरं वाटलं.

कायद्याचं थोडक्यात. 1972 च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशी वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही आणि तिचा धंदा करायला परवाना लागतो. पहिल्या महायुद्धातले बॅज आता त्या वयाचे झालेत, तेव्हा परदेशातल्या ग्राहकाला कुरिअर करायच्या आधी विचार करा. दुसरं, लोकांनी सैनिक समजावं म्हणून फौजी गणवेश किंवा खूण अंगावर घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली गुन्हा आहे. बॅज डब्यात शोभतो. मिरवणुकीत जॅकेटवर लावू नका. सध्या वापरात असलेल्या गणवेशाच्या आणि खुणांच्या वाटेला तर जाऊच नका.

ठेवताना

घरी आणल्यावर पहिली ऊर्मी होते घासून चमकवायची. थांबा. खळग्यांतला तो पॉलिशचा थर, मागचा तपकिरी रंग, यावरच तर तुम्ही ओळखलात. एकदा घासला की पुढचा माणूस कशावर ओळखणार? मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढा, पुरे.

आपल्याकडचा पाऊस हा बॅजचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर भिंतीला घाम येतो, लोकरीला कसर लागते, पितळ हिरवं पडतं. नाण्यांसाठी मिळतात त्या मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नका. त्यातून सुटणाऱ्या आम्लानं धातू हिरवा चिकट होतो. चांदीच्या वस्तूला रबरबँड लावू नका, गंधकानं काळा पट्टा उमटतो. मी धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवतो, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. कोट घडी घालून ठेवताना घडीच्या आत जुन्या सुती साडीचा बोळा, म्हणजे कापड घडीवर तुटत नाही.

प्रत्येक वस्तूला वहीत एक पान. माप, वजन, कुठून आली, किती दिले, काय शंका आहे. बाराशेच्या त्या बॅजलाही पान आहे. उंची 39.3, दबलेला मुकुट, कान गोंदानं लावलेले, शेरा लाल शाईत. नवीन पोरं शिकायला आली की आधी तोच हातात देतो आणि आजोबांचा शेजारी ठेवतो.

खंडेनवमीला आमच्या शॉपमध्ये लेथ, मिलिंग, पट्ट्या, व्हर्निअर सगळ्यांची पूजा व्हायची. रिटायर झाल्यापासून मी घरी व्हर्निअर आणि आजोबांचा बॅज पाटावर ठेवतो. त्या दिवशी पाऊस ओसरलेला असतो, म्हणून सगळे डबे उघडायचे, सिलिकाच्या पुड्या तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा कोरड्या करायच्या, कोट सावलीत वारा लागेल असा टांगायचा आणि एकेक बॅज पालथा करून कुठं नवीन हिरवा ठिपका पडलाय का ते लूपखाली बघायचं. यंदा एकावर पडला होता, पट्टीच्या बुडाशी. बांबूच्या काडीनं अलगद काढला आणि वहीत तारीख टाकली.